बाजारात अडकली की तापणारी पद्मिनी आणि अॅम्बॅसॅडर: तपासणी कुठून सुरू करायची

जुन्या पद्मिनी-फियाट आणि १४८९ सीसी पेट्रोल अॅम्बॅसॅडर बाळगणाऱ्यांची ही नेहमीची तक्रार: हायवेला गाडी गुणी, बेळगावात शिरली की उकळते. खाली सांगितलेला क्रम या गाड्यांसाठी आहे. बेल्टवर फिरणारा फॅन असलेल्या दुसऱ्या जुन्या गाड्यांनाही तो बहुतेक लागू पडतो.

लक्षणं

काकतीपासून संकेश्वरपर्यंत तापमानाचा काटा मधोमध राहतो, पण गणपत गल्लीत किंवा टिळकवाडीच्या रेल्वे गेटवर दहा मिनिटं थांबलात की लालाकडे सरकतो.

पुन्हा रस्ता मोकळा झाला की दोनतीन किलोमीटरात काटा आपोआप खाली येतो.

इंजिन बंद केल्यावर रेडिएटरमध्ये खदखद ऐकू येते, ओव्हरफ्लोच्या नळीतून पाणी सांडतं.

चावी काढली तरी इंजिन धक्के खात चारदोन फेरे मारतं. चढावर रेस दिली की टकटक आवाज येतो.

गरम झाल्यावर स्लो रेसला ऑइलचा दिवा मिणमिणतो.

गाडी गुदमरून बंद पडते, वीस मिनिटं चालूच होत नाही आणि मग काही घडलंच नाही अशी चालते. या शेवटच्या लक्षणात काटा नॉर्मल असेल तर बिघाड पाण्याचा नाही, पेट्रोलचा आहे. तो खाली वेगळा दिला आहे.

आधी हे ठरवा: तापते कधी?

पाना हातात घेण्याआधी याचं उत्तर हवं, कारण अर्धं निदान तिथंच होतं. उभी असताना तापते आणि पळताना थंड होते, म्हणजे पाणी फिरतंय पण हवा कमी पडतेय. दोष फॅन, बेल्ट, काऊल (फॅनभोवतीचं वेष्टन) किंवा रेडिएटरच्या जाळीत शोधा. वंटमुरी किंवा तवंदीच्या घाटात, म्हणजे जोर लावल्यावर तापते आणि बाजारात ठीक असते, तेव्हा रेडिएटर आतून चोंदलेला असण्याची शक्यता जास्त. दोन्हीकडे तापते तर टायमिंग (ठिणगी पडण्याची वेळ), थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत पाणी अडवणारी झडप), पंप आणि शेवटी हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनचं वरचं झाकण (हेड) आणि ब्लॉक यांच्यातलं पॅकिंग. हे न विचारता सरळ रेडिएटर उतरवून कोअर (आतली नळ्यांची जाळी) बदलणारे पुष्कळ. खर्च होतो आणि गाडी पुढच्या बाजाराला पुन्हा उकळते.

आत्ता, या क्षणी अडकला असाल तर

काटा चढतोय पण वाफ नाही: गिअर काढा, रेस साधारण १५०० फेऱ्यांवर धरा. फॅन आणि पंप दोन्ही इंजिनच्या वेगावर अवलंबून असतात, स्लो रेसला ते जेमतेम फिरतात. हीटर असेल तर पूर्ण उघडा. आत उकाडा होईल, पण तो एक छोटा रेडिएटरच आहे. पुढच्या बसच्या किंवा ट्रकच्या मागे चिकटून राहू नका, त्याची गरम हवा थेट तुमच्या जाळीत शिरते. हाफ क्लचवर इंचइंच सरकू नका. गाडीभर जागा झाली की एकदाच पुढं घ्या.

वाफ दिसली, पाणी सांडलं किंवा बेल्ट तुटला: कडेला घ्या आणि इंजिन लगेच बंद करा. बॉनेट उघडून किमान ४५ मिनिटं थांबा. रेडिएटरची कॅप गरम असताना उघडायची नाही. दाबाखालचं पाणी शंभर अंशांच्या वर असूनही उकळलेलं नसतं, कॅप फिरली की ते एकदम उसळतं आणि तोंड-हात भाजतात. वरचा होज पाइप हाताने दाबता येईल इतका गार झाला की कॅपवर जाड ओलं फडकं टाकून आधी पहिल्या खाचेपर्यंतच फिरवा, फुस्स आवाज पूर्ण थांबला की मग काढा. तापलेल्या इंजिनवर किंवा आत गार पाणी ओतू नका. पद्मिनीचं हेड अॅल्युमिनियमचं आहे, ते वाकतं. अॅम्बॅसॅडरचं हेड आणि ब्लॉक दोन्ही बिडाचे, त्यांना तडा जातो.

१. काटा खरं बोलतोय का

फुकटची तपासणी. सेन्सरच्या वायरचं टोक गंजलेलं असेल किंवा अर्थ नीट नसेल तर काटा उगाच भटकतो. हेडलाइट लावल्यावर काटा हलला तर संशय वायरिंगवर घ्या. इन्फ्रारेड थर्मामीटर मिळाला तर थर्मोस्टॅटच्या घरावर मोजा. चकचकीत धातूवर तो कमी आकडा दाखवतो, म्हणून तिथं काळ्या इन्सुलेशन टेपचा तुकडा चिकटवून त्यावर मोजायचं. ८० ते ९५ अंश असेल तर इंजिन निरोगी आहे.

२. पाणी आणि कॅप

थंड इंजिनात पाण्याची पातळी रेडिएटरच्या गळ्याखाली दोनतीन सेंटिमीटर असावी. या गाड्यांना मुळात वेगळी बाटली नसते. गळ्यापर्यंत भरलं तर तापल्यावर फुगलेलं पाणी नळीतून बाहेर पडणारच. ते गळती समजून रोज टॉपअप करणारे रोज तेवढंच पाणी रस्त्यावर ओततात. दोन दिवस न भरता बघा. पातळी एका जागी थांबली तर गळती नाही.

कॅपचं महत्त्व आपल्याकडे थोडं जास्त आहे. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंचीवर आहे, इथं उघडं पाणी ९७.५ अंशांच्या आसपासच उकळतं. ७ पीएसआयची (दाबाचं माप) चांगली कॅप तोच आकडा ११० च्या जवळ नेते. कॅपचं रबर कडक झालं किंवा स्प्रिंग मेली की ही बारा अंशांची सवलत गेली. एरवी सहज सोसली असती ती उष्णता मग वाफ होऊन बाहेर येते. रबराला चीर दिसली, कॅपच्या भोवती पांढरे-हिरवे डाग दिसले तर बदला. यात घासाघीस करायची नाही, अख्ख्या यादीतला हा सगळ्यात स्वस्त भाग आहे.

मात्र नव्या गाडीची ०.९ किंवा १.१ बारची (साधारण १३ ते १६ पीएसआय) कॅप बसवू नका. जुन्या कल्हईच्या रेडिएटरची वरची टाकी आणि हीटर तेवढा दाब सोसत नाहीत, शिवण उसवते. आकडा गाडीच्या मॅन्युअलमधलाच हवा.

३. बेल्ट

इंजिन बंद ठेवून बेल्टच्या सगळ्यात लांब भागावर अंगठ्याने दाबा. १२ ते १५ मिलिमीटर दबला पाहिजे. जास्त दबत असेल तर डायनामो बाहेर ओढून ताणा. पण फार ताणलात तर पंपाचं बेअरिंग जातं. ताण बरोबर असूनही घसरतोय असं वाटलं तर पुलीत डोकावा. व्ही-बेल्टने पुलीच्या दोन्ही भिंतींना धरायचं असतं. झिजलेला बेल्ट खाचेच्या तळाला टेकतो आणि तळ चकाकतो. असा बेल्ट कितीही ताणा, घसरणारच. एक नवा बेल्ट डिकीत कायम असावा.

४. जाळी बाहेरून

दिवाळीनंतर इकडचे रस्ते उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉलींनी भरतात. चिकोडी, निपाणी, संकेश्वर पट्ट्यात त्यांच्या मागे तासभर चालवली की पाचटाचे तुकडे, भुसा आणि धूळ रेडिएटरच्या पत्त्यांत अडकते. खानापूर-जांबोटीकडची तांबडी माती पावसात चिखल होऊन बसते आणि वाळून टणक होते. पुढून बघितलं तर जाळी स्वच्छ दिसते, कारण कचरा मध्ये रुतलेला असतो.

मागून, म्हणजे फॅनच्या बाजूने पुढं पाणी मारा, जिथून कचरा आला तिथूनच तो बाहेर पडेल. साधा बागेचा पाइप पुरे. वॉशिंग सेंटरचा प्रेशर गन जवळून मारला तर पत्त्या आडव्या होतात आणि होता तेवढा मार्गही बंद होतो. वाकलेल्या पत्त्या जुन्या टूथब्रशने आणि बोथट सुईने सरळ करा. जाळीसमोर लावलेले जादा हॉर्न, फॉगलाइट, नंबरप्लेट हेही हवा अडवतात. ते बाजूला घ्या.

५. फॅन आणि काऊल

बाजारात तापणाऱ्या गाडीची सगळ्यात दुर्लक्षित जागा हीच, म्हणून इथं वेळ द्या.

उभ्या गाडीत जाळीतून हवा ओढणारं दुसरं काहीच नसतं, फक्त फॅन. त्याभोवतीचं काऊल, म्हणजे पत्र्याचं किंवा फायबरचं वेष्टन, कधीतरी पंप बदलताना आड येतं म्हणून काढलं जातं आणि गॅरेजच्या माळ्यावर राहतं. काऊल नसलं की पात्यांच्या टोकांवरून हवा मागे फिरते, बॉनेटखालची तीच गरम हवा पुन्हा पुन्हा घुसळली जाते आणि जाळीतून फार थोडी नवी हवा येते. गाडीला मुळात काऊल होतं का ते मॅन्युअलच्या चित्रात बघा. होतं आणि आता नसेल तर बाकी काही करण्याआधी ते मिळवा किंवा पत्र्याचं बनवून घ्या. पात्यांची साधारण निम्मी रुंदी काऊलच्या आत आणि टोकाभोवती दीडदोन सेंटिमीटर मोकळी जागा, हे माप धरा. इंजिन माउंटिंगच्या रबरांवर हलतं, त्यामुळे याहून कमी जागा ठेवली तर पातं घासतं. माउंटिंग बसलेलं असेल तर ते आधी बदला.

पुढची गोष्ट, रेडिएटर आणि बॉडी यांच्यातल्या फटी. वरच्या पट्टीची आणि बाजूची रबरं कुजून गेलेली असतात. तिथून गरम हवा मागून पुढं येते आणि जाळीतून पुन्हा आत जाते. दारांना लावतात ती फोमची पट्टी आणून या फटी बंद करा. अर्ध्या तासाचं काम आहे आणि वैशाखातल्या शिवजयंतीच्या चित्ररथ मिरवणुकीत अडकलेल्या गाडीला ते कळून येतं.

फॅन उलटा बसवलेला नाही ना, हेही बघा. उलटा बसवला तरी तो हवा त्याच दिशेने ढकलतो, त्यामुळे चटकन लक्षात येत नाही, पण जोर खूपच कमी होतो. पात्याचा फुगीर भाग इंजिनकडे आणि खोलगट भाग रेडिएटरकडे दिसत असेल तर शंका घ्या: हवा मागे ओढणाऱ्या फॅनची खोलगट बाजू इंजिनकडे असते.

६. टायमिंग

पाण्याशी संबंध नाही म्हणून हे कुणी तपासत नाही. ठिणगी उशिरा पडली की पेट्रोल सिलिंडरमध्ये उशिरा जळतं, पिस्टनला ढकलण्याऐवजी ती उष्णता एक्झॉस्ट पोर्टमधून हेडच्या पाण्यात जाते. गाडी सुस्त वाटते, पिकअप मेलेला असतो आणि काटा वर.

डेलकोतल्या (डिस्ट्रिब्यूटर, म्हणजे प्लगना ठिणगी वाटणारा भाग) पॉइंटची टाच कॅमवर घासून हळूहळू झिजते. गॅप कमी होते, पॉइंट उशिरा उघडतो, म्हणजे टायमिंग आपोआप रिटार्ड होत जातं. कुणी हात न लावता. म्हणून दर पाच हजार किलोमीटरला फिलर गेज (गॅप मोजायची पातळ पट्टी) लावायचाच. लूकासच्या डेलकोत गॅप साधारण १५ थाउ (इंचाचे हजारावे भाग), म्हणजे ०.३८ मिलिमीटर. टाचेला ग्रीसचा ठिपका द्या. गॅप आधी, टायमिंग नंतर: उलट केलं तर टायमिंग पुन्हा सरकतं. टायमिंग लाइट नसेल तर १२ व्होल्टचा टेस्ट लॅम्प पॉइंटच्या वायरला लावून, पुलीवरची खूण जुळताना दिवा पेटतो का बघा.

व्हॅक्यूम अॅडव्हान्सची (इंजिनच्या ओढीने टायमिंग पुढं घेणारा डेलकोवरचा भाग) नळी काढून तोंडाने ओढा. आतली प्लेट हलली पाहिजे आणि ओढ टिकली पाहिजे. हवा येतच राहिली तर पडदा फाटला आहे.

टकटक ऐकू येत असेल तर उलट प्रकार आहे, ठिणगी फार लवकर पडतेय. तेही इंजिन तापवतं आणि पिस्टन फोडतं.

मिश्रणाचंही इथंच बघून घ्या. पंपावरचं पेट्रोल आता इथेनॉल मिसळलेलं असतं. इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असल्याने जुन्या सेटिंगवरचा कार्बोरेटर थोडा पातळ मिश्रणावर चालतो. प्लगचं टोक विटकरी-तपकिरी हवं. पांढरंफेक असेल तर मिश्रण पातळ आहे किंवा मॅनिफोल्डच्या गॅस्केटमधून हवा ओढली जातेय.

७. थर्मोस्टॅट

काढून भांड्यातल्या पाण्यात दोरीला टांगा, थर्मामीटर सोडा आणि गॅसवर तापवा. भांड्याच्या तळाला टेकू देऊ नका. ८२ चा असेल तर त्याच्या आसपास उघडायला लागून ९५ च्या आत पूर्ण उघडला पाहिजे. अडकत असेल तर नवा घाला. कायमचा काढून टाकण्याची सवय चुकीची आहे: डिसेंबरात बेळगावच्या थंडीत इंजिन तापायलाच वेळ लागतो, ऑइल घट्ट राहतं, पेट्रोल जास्त जातं, आणि मूळ दोष तसाच राहतो.

८. रेडिएटर आतून

तापलेलं इंजिन बंद करून (फॅन थांबला आहे याची खात्री करून) जाळीवर हळूच तळहात जवळ न्या. वरून खाली उष्णता हळूहळू कमी होत गेली पाहिजे. मध्येच गार पट्टा लागला तर तिथल्या नळ्या बंद आहेत.

चोंदण्याचं कारण बहुधा बोअरचं पाणी. त्यातला क्षार गरम भिंतीवर बसतो, चहाच्या भांड्याला बसतो तसाच. दुसरं कारण हळद. गळती बंद करायला रेडिएटरमध्ये हळद टाकायची युक्ती अजून चालते. ती बारीक भोक बुजवते खरं, पण नळ्याही तशाच बारीक असतात. घाटात अडचण आली तर घरी पोचण्यापुरती ठीक, नंतर आठवड्याच्या आत धुऊन काढा.

धुण्याची रीत: इंजिन थंड असताना रेडिएटरचा आणि ब्लॉकचा, दोन्ही नळ उघडा. ब्लॉकचा नळ गाळाने बंद असतो, तारेने टोकरा. सगळ्यात जास्त गाळ मागच्या सिलिंडरभोवती साचतो आणि फक्त रेडिएटर धुतल्याने तो निघत नाही. मग लिटरमागे २५ ग्रॅम लिंबूसत्त्व विरघळवून भरा, इंजिन गरम करून २० मिनिटं चालवा, गार होऊ द्या, काढा. दोनदा साधं पाणी, एकदा चमचाभर खायचा सोडा घातलेलं पाणी, पुन्हा साधं पाणी. आम्ल मागं राहिलं तर पद्मिनीचं अॅल्युमिनियम हेड खातं, म्हणून शेवटचं धुणं आळसाने करू नका. संडास साफ करायचं अॅसिड कधीही वापरू नका. धुतल्यावर एखादी नवी गळती दिसली तर घाबरू नका, ती क्षाराने बुजलेली जुनीच होती.

भरताना डिस्टिल्ड वॉटर आणि एक तृतीयांश कूलंट. आपल्याकडे पाणी गोठत नाही, कूलंट लागतो तो गंज थांबवायला. निम्म्याहून जास्त घातला तर उलट उष्णता कमी वाहते. रंगावर जाऊ नका, तांबे-पितळेच्या रेडिएटरला चालतो असं डब्यावर लिहिलेला इथिलीन ग्लायकॉलचा घ्या आणि दोन वर्षांनी बदला. भरताना हीटरचा नळ उघडा ठेवा, नाहीतर हवा अडकते.

गार पट्टे तरीही राहिले तर कारागिराकडून टाक्या उघडून रॉडिंग (नळ्यांत सळई घालून साफ करणं), आणि पत्त्या हाताने चुरा होत असतील तर नवा कोअर.

९. वॉटर पंप

फॅनचं टोक धरून पुढं-मागे हलवा. खडखड नको. पंपाखालच्या छोट्या भोकातून पाणी ठिबकत असेल तर सील गेलं आहे, ते भोक बुजवू नका. पाणी बाहेर येण्यासाठीच ते ठेवलेलं असतं.

इलेक्ट्रिक फॅन लावू का?

लावा, पण वरची कामं झाल्यावर. १२ इंची फॅन आठ-दहा अँपिअर घेतो. डायनामोच्या जुन्या गाडीत, उदाहरणार्थ लूकास सी-४० असेल तर, तो पूर्ण वेगात २२ अँपिअर देतो आणि स्लो रेसला जवळजवळ काहीच नाही. म्हणजे फॅन हवा तेव्हाच बॅटरी संपते. आधी अल्टरनेटर, मग फॅन, त्याला रिले आणि २० चा फ्यूज. स्विच ९२ ला चालू होणारा.

काटा नॉर्मल, तरी गाडी बंद: पेट्रोलची वाफ

पेट्रोलचा मेकॅनिकल पंप इंजिनला चिकटलेला असतो. तिथं पेट्रोलची वाफ झाली की पंप ती ढकलू शकत नाही. पंपावर ओलं फडकं ठेवण्याचा उपाय खराच आहे. फक्त पाणी डेलकोवर आणि तापलेल्या मॅनिफोल्डवर पडू देऊ नका. कायमचा इलाज म्हणजे पंप आणि ब्लॉकमध्ये बेकेलाइटचा जाड पॅकिंग तुकडा, कार्बोरेटरखाली उष्णता अडवणारा पत्रा, आणि पेट्रोलची नळी एक्झॉस्टपासून हातभर दूर. पंपाचा डायफ्राम इथेनॉल सोसणारा घ्या, जुनं रबर फुगून फाटतं. मागे टाकीजवळ इलेक्ट्रिक पंप बसवलात तर त्याचा दाब तीन पीएसआयच्या आत हवा, नाहीतर कार्बोरेटर ओसंडतो आणि गरम इंजिनवर पेट्रोल म्हणजे आग.

इथं थांबा, मिस्त्रीला बोलवा

थंड इंजिन कॅप काढून चालू केल्यावर रेडिएटरमध्ये सतत बुडबुडे येत राहिले. डिपस्टिकवर किंवा ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ फेस दिसला. सायलेन्सरमधून गोडसर वासाचा पांढरा धूर थांबत नाही. बाहेर कुठेही गळती नसताना पाणी कमी होतं. यातलं एक जरी असलं तरी हेड गॅस्केट किंवा हेडचा प्रश्न आहे, गाडी चालवत नेऊ नका, ओढून न्या. ऑइलमध्ये पाणी गेलेलं इंजिन दहा किलोमीटरात बेअरिंगं खातं.

हेड उतरवलं की ते मशीन शॉपमध्ये सरळ पट्टी आणि फिलरने मोजून घ्या असं स्पष्ट सांगा. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत हे काम होतं. वाकलेल्या हेडवर फेसिंगशिवाय (घासून सपाट केल्याशिवाय) नवी गॅस्केट घातली तर ती महिन्याभरात पुन्हा जाते. बोल्ट मध्यापासून बाहेरच्या दिशेने, ठरलेल्या क्रमाने, टॉर्क रेंचनेच आवळले पाहिजेत आणि ५०० किलोमीटरनंतर इंजिन थंड असताना पुन्हा तपासले पाहिजेत.

गाडी सोपवताना मिस्त्रीला कागदावर लिहून द्या: कधी तापते, किती मिनिटांत, किती पाणी कमी झालं, आणि वरचं काय काय तपासून झालं.